आयक्यू १०६ की १३८? आणि त्या आकड्याचं करायचं काय?

या वेळचं पत्र एका आईचं आहे, थोडं आटोपशीर करून देते:

"माझा मुलगा दहा वर्षांचा. तोंडी काहीही विचारा, फाडफाड उत्तर देतो, प्रश्न विचारून भंडावून सोडतो, पण पेपर कधी पूर्ण होत नाही, वह्या अर्धवट, बोर्डावरचं उतरवून घेणं तर विचारूच नका. शाळेनं सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. रिपोर्टमध्ये एकूण आयक्यू १०६ आलाय, आणि खाली पाच वेगळे आकडे: भाषिक आकलन १२१, दृश्य-अवकाशीय १०८, तर्क ११२, वर्किंग मेमरी ९४, प्रोसेसिंग स्पीड ७५. शेवटी एक ओळ, 'सरासरी बुद्धिमत्ता'. मिस्टरांना ते पटलं नाही, त्यांनी त्याच रात्री मोबाइलवर त्याची फ्री टेस्ट घेतली, त्यात १३८! आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. जाऊबाई सांगतात त्यांच्या मुलाचा १२४ आहे. कुणी म्हणतं बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगतात ते करून घ्या, कुणी म्हणतं ब्रेन ट्रेनिंगचं ॲप लावा. आणि मुलगा विचारतोय, 'आई, मी ढ आहे का?' खरं सांगू का, मला हेच कळत नाहीये की हे लोक नक्की काय मोजतात आणि त्याला बुद्धिमत्ता का म्हणायचं."

ताई, आधी मोबाइलवाल्या १३८चा निकाल लावून टाकू, म्हणजे घरातली निम्मी भांडणं तिथेच मिटतील. आयक्यू म्हणजे शंभरपैकी पडलेले मार्क नव्हेत, तो रांगेतला नंबर आहे. टेस्ट बाजारात येण्याआधी त्या त्या वयाच्या भरपूर मुलांची ती घेतलेली असते, त्याच सूचना देऊन, तेवढाच वेळ देऊन, समोर बसून. त्या मुलांची सरासरी १०० धरायची आणि मुलं तिच्या आजूबाजूला जेवढी पसरलेली असतात त्या पसाऱ्याचं माप १५ धरायचं, एवढंच त्याचं गणित. त्यामुळे ८५ ते ११५मध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं बसतात, ७० ते १३०मध्ये शंभरातली ९५, आणि १३०च्या वर जेमतेम दोन. म्हणजे १३८ हे दोनशे मुलांत एखादं. आता फोनवरच्या टेस्टमागे अशी रांगच नसते हो, तुमच्या मुलाची तुलना कुणाशी केली हे तिला स्वतःलाच माहीत नसतं, वय नीट विचारलेलं नसतं, शेजारी बाबा बसून "अरे परत एकदा बघ ना" म्हणतायत हे तर तिला दिसतच नाही, आणि आकडा मोठा आला की माणूस खुशीत चार जणांना पाठवतो हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा मिस्टरांना सांगा, १३८ विसरा. पण त्यांना जे वाटतंय ना, की पोरगा 'सरासरी' वाटत नाही, ते अगदीच चूक नाहीये, आणि त्याचा पुरावा तुमच्या हातातल्या रिपोर्टमध्येच आहे.

ते पाच आकडे परत बघा. १२१ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत तो नव्वदेकांच्या पुढे. ७५ म्हणजे शंभरात पाचेक मुलंच त्याच्या मागे. एकाच मुलात हे दोन्ही आहे, आणि त्यांची गोळाबेरीज करून आलं १०६. मार्कशीटवर मराठीत ९२ आणि गणितात ३६ असताना फक्त टक्केवारी बघून "बरंय, ठीकठाक आहे" म्हणावं, तसं हे झालं. आकड्यांत इतकी तफावत असली की एकूण आयक्यू फारसं काही सांगत नाही, हे टेस्ट घेणाऱ्यांनाही शिकवलेलं असतं, आणि अशा वेळी स्पीड आणि वर्किंग मेमरी (ऐकलेलं-बघितलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं) बाजूला ठेवून बाकीच्या भागांवरून एक वेगळा आकडा काढायची सोय त्याच टेस्टमध्ये असते, त्याला जनरल ॲबिलिटी इंडेक्स म्हणतात. तो काढला होता का हे विचारा. मला स्वतःला त्या शेवटच्या 'सरासरी बुद्धिमत्ता' या ओळीचा रागच येतो, अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात बिनकामाची ओळ तीच असते आणि घरचे नेमकी तीच वाचतात.

आता ७५. प्रोसेसिंग स्पीड हे नाव ऐकलं की वाटतं मेंदूच सावकाश चालतोय, डोक्यात उजेड उशिरा पडतोय. तसं नाहीये. ती टेस्ट प्रत्यक्षात कशी असते ते सांगते, खरे प्रश्न सांगता येत नाहीत कारण ते गोपनीय ठेवायचे असतात, पण धाटणी सांगायला हरकत नाही. कागदाच्या वरच्या बाजूला एक पट्टी असते, समजा १ला त्रिकोण, २ला फुली, ३ला आडवी रेघ, असं. खाली आकड्यांच्या ओळीच्या ओळी, प्रत्येकाखाली रिकामा चौकोन. दोन मिनिटांत जमतील तेवढी चिन्हं भरायची. काही मुलं पहिल्या ओळीतच पट्टी पाठ करून टाकतात आणि सुसाट सुटतात. काही मुलं दर वेळी वर बघतात, खाली येतात, पुन्हा वर बघून खात्री करतात. काही त्रिकोणाचे कोपरे अगदी टोकदार जुळवत बसतात. काहींचं पेन्सिल धरणंच अवघड, बोटं दुखतात. काही मधेच खिडकीकडे बघतात. सुसाट सुटणारे सोडले तर या बाकीच्या सगळ्यांना शेवटी सारखाच कमी आकडा पडू शकतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं! एकाला कदाचित चुकायची भीती आहे, दुसऱ्याचं लेखनाचं कौशल्य कच्चं आहे, तिसऱ्याचं लक्ष टिकत नाही, चौथ्याला चष्मा लागलाय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आकडा फक्त एवढंच सांगतो की दोन मिनिटांत कमी चौकोन भरले. का, ते टेस्ट घेणाऱ्या माणसानं बघून ठेवलेलं असतं, निदान ठेवायला हवं.

म्हणून तुम्हाला त्या सायकॉलॉजिस्टकडे परत जायचंय, भांडायला नव्हे, विचारायला. स्पीडच्या भागात सहसा दोन छोट्या टेस्ट असतात, एकीत चिन्हं काढायची असतात आणि दुसरीत शोधून नुसती खूण करायची असते. दोन्हीचे गुण वेगवेगळे मागा. चिन्हं काढायच्या टेस्टमध्ये फारच कमी आणि शोधायच्या टेस्टमध्ये बरे असतील तर गाडी हातापाशी, लिहिण्यापाशी अडतेय असा संशय घ्यायला जागा आहे. दोन्हीत सारखेच कमी असतील तर बाकीच्या शक्यता बघायच्या. टेस्टच्या वेळी तो घाबरला होता का, कंटाळला होता का, किती वेळा खोडून परत काढत होता, सूचना कुठल्या भाषेत दिल्या, हे सगळं विचारा. आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याची रेंज मागा. कारण चांगल्यात चांगल्या टेस्टलाही चूक असते, १०६ म्हणजे खरं तर 'बहुधा १०० ते ११२च्या मधे कुठेतरी', आणि छोट्या भागांच्या आकड्यांची रेंज त्याहून मोठी. रेंज न देता नुसता आकडा हातात ठेवणं मला तरी बेजबाबदारपणाचंच वाटतं.

बरं, आता तुमचा मोठा प्रश्न, हे मोजतात काय. याला थोडं मागे जावं लागेल, पण तुमच्या मुलाच्या केसशी त्याचा थेट संबंध आहे म्हणून वाचा.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या गृहस्थांना वाटायचं की ज्याची ज्ञानेंद्रियं तल्लख तो बुद्धिमान. १८८४च्या एका प्रदर्शनात त्यांनी लोकांकडून पैसे घेऊन त्यांची मुठीची ताकद, नजर, ऐकू येणं, प्रतिक्रिया किती झटकन येते असलं सगळं मोजलं. पुढे १९०१मध्ये क्लार्क विस्लर यांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर हे तपासलं तर असल्या मोजमापांचा आणि मार्कांचा काही म्हणजे काही मेळ बसेना. म्हणजे 'झटपट म्हणजेच हुशार' ही कल्पना पहिल्याच परीक्षेत नापास झाली होती, आणि आपण अजून तिलाच धरून बसलोय (तुमच्या मुलाच्या शाळेतले तासाभराचे पेपर बघा).

मग आले पॅरिसचे आल्फ्रेद बिने. यांनी आधी मुलांची डोकी मोजून बघितली होती, आणि त्यातून काही हाती लागत नाही म्हणून सोडून दिलं होतं. १९०४मध्ये फ्रेंच सरकारनं एक समिती नेमली, काम असं की शाळेत जी मुलं मागे पडतायत त्यांतली कुणाला वेगळी मदत लागेल ते ओळखायचं, कारण शिक्षकांच्या मतावर सोडलं तर दंगेखोर पोरंही त्यात टाकली जायची. बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमॉन यांनी १९०५मध्ये ३० कामांची यादी बनवली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. सुरुवात कुठून, तर पेटती काडी डोळ्यांसमोरून फिरवली की मूल नजर फिरवतं का इथून, मग शरीराचे अवयव दाखव, तीन आकडे ऐकून परत म्हण, असं करत करत शेवटी दोन अमूर्त शब्दांतला फरक सांग इथपर्यंत. १९०८च्या आवृत्तीत ही कामं वयानुसार लावली, म्हणजे सात वर्षांची बहुतेक मुलं हे करतात, आठची हे. बघा, सिद्धांत काही नाही, व्याख्या काही नाही, फक्त 'या पोराला मदत लागेल का, आणि कुठे' या प्रश्नाचं उत्तर. बुद्धी म्हणजे जन्माला येताना मिळालेला ठरावीक साठा, तो वाढतच नाही, असं म्हणणाऱ्यांवर १९०९मध्ये बिने चांगलेच उखडले होते, त्या निराशावादाला त्यांनी क्रूर म्हटलं होतं.

१९११मध्ये ते वारले आणि मग गंमत सुरू झाली, म्हणजे गंमत कसली. १९१२मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी म्हटलं की मुलाचं मानसिक वय (म्हणजे ते कितव्या वर्षाच्या मुलांची कामं करू शकतं ते) भागिले खरं वय करा, लुइस टर्मन यांनी १९१६मध्ये अमेरिकन आवृत्ती काढताना त्याला शंभरनं गुणलं, आणि आयक्यू नावाचा एकच गुटगुटीत आकडा जन्माला आला. तो लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तोच पसरला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं सतरा लाखांच्या आसपास लोकांना गटागटानं बसवून बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या, आणि त्यात प्रश्न काय, तर अमुक माणूस कशासाठी प्रसिद्ध आहे, उत्तर बेसबॉल! परवाच बोटीतून उतरलेल्या माणसाला हे कुठून येणार, पण कमी गुण पडले की त्याच्या अख्ख्या देशालाच मंद ठरवून मोकळे. पुढे लोकांची जबरदस्तीनं नसबंदी करण्यापर्यंत मजल गेली. मदत कुठे लागेल हे शोधायला बनवलेली गोष्ट 'कोण किती लायक' ठरवायला वापरली की काय होतं ते या शंभर वर्षांत सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा तुमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या त्यात नवल नाही.

मागाहून हा भागाकारही टिकला नाही. चाळीस वर्षांच्या माणसाचं मानसिक वय काय काढणार? डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९मध्ये मोठ्यांसाठी टेस्ट काढली तेव्हा तो सोडून आपल्या वयाच्या लोकांत तुम्ही कुठे हे सांगायची पद्धत आणली, जी मी वर सांगितली, १०० आणि १५ वाली. मुलांसाठीची त्यांची टेस्ट १९४९ची, आणि तुमच्या रिपोर्टातले पाच भाग बघता तुमच्या मुलाला तिचीच अलीकडची आवृत्ती दिलेली दिसतेय.

मग एकूण बुद्धी असं काही असतं का? इथे मात्र मी सरसकट नाही म्हणणार नाही, कारण पुरावा आहे. १९०४मध्येच चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की शाळेतली मुलं ज्या विषयात चांगली असतात त्याचा बाकीच्या विषयांशी मेळ असतो, अगदी लॅटिन-ग्रीकपासून गणितापर्यंत, इतकंच काय, स्वरांतला फरक ओळखण्यापर्यंत. सगळ्या गुणांत एक सामाईक धागा आहे, त्याला त्यांनी 'जी' म्हटलं. हा मेळ आजवर जिथे जिथे तपासला तिथे सापडलाय, मानसशास्त्रात इतक्या वेळा टिकलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. लुइस थर्स्टन यांनी १९३८मध्ये सांगितलं की एक नाही, सात वेगवेगळ्या मूळ क्षमता आहेत, पण त्या सातांतही पुन्हा आपापसात मेळ निघालाच. रेमंड कॅटेल यांनी दोन भाग केले, एक म्हणजे नवीन कोडं समोर आल्यावर चालणारी बुद्धी, दुसरी साठवलेली, शब्द, माहिती, अनुभव. पहिली तरुणपणीच शिखरावर जाऊन हळूहळू उतरते, दुसरी बराच काळ वाढत राहते. १९९३मध्ये जॉन कॅरल यांनी शेकडो जुन्या अभ्यासांतले आकडे परत तपासले आणि तीन मजली इमारत उभी केली, वर 'जी', मधे आठएक मोठ्या क्षमता, खाली बारीकसारीक कौशल्यं. आजच्या बहुतेक टेस्ट याच नकाशावर बनतात. तेव्हा दोन्ही खरंय, धागा सामाईक आहे आणि क्षमता वेगळ्याही आहेत, आणि तुमच्या मुलासारख्या केसमध्ये वरच्या मजल्यावरून बघून उपयोग नाही, मधल्या मजल्यावर उतरावं लागतं.

व्याख्येचं म्हणाल तर १९२१मध्ये अमेरिकेतल्या एका जर्नलनं नामवंतांना विचारलं होतं की बुद्धिमत्ता म्हणजे काय ते सांगा, जितकी डोकी तितकी उत्तरं आली. १९२३मध्ये एडविन बोरिंग यांनी वैतागून म्हणा किंवा सरळ म्हणा, लिहून टाकलं की बुद्धिमत्तेच्या टेस्ट जे मोजतात ती बुद्धिमत्ता. १९९४मध्ये ५२ तज्ज्ञांनी एका निवेदनावर सह्या केल्या, त्यात म्हटलंय ते साधारण असं की तर्क करणं, आखणी करणं, प्रश्न सोडवणं, अमूर्त विचार करणं, गुंतागुंतीचं समजून घेणं, पटकन शिकणं आणि अनुभवातून शिकणं, या सगळ्याची मिळून एक व्यापक क्षमता. वाईट नाहीये ही व्याख्या. पण यातलं 'आखणी' किंवा 'अनुभवातून शिकणं' तासा-दीड तासाच्या टेस्टमध्ये कितीसं येणार? आणि कल्पकता, चिकाटी, समोरच्याचं मन ओळखणं, शहाणपण, हे त्यात धरलेलंच नाही.

अजून एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. लायबेरियातल्या क्पेले लोकांत जोसेफ ग्लिक नावाचे संशोधक गेले होते. वस्तूंचे गट लावायला सांगितले. टेस्टच्या हिशेबानं 'हुशार' उत्तर म्हणजे खायच्या वस्तू एका बाजूला, हत्यारं एका बाजूला. हे लोक सुरी ठेवायचे फळाजवळ, कारण सुरीनं फळ कापतात. आणि वर सांगायचे, शहाणा माणूस असंच लावेल. शेवटी विचारलं, बरं, मूर्ख माणूस कसं लावेल? तर त्यांनी झटक्यात खायचं एकीकडे आणि हत्यारं एकीकडे लावून दाखवली! म्हणजे जमत नव्हतं असं नाही, त्यांना ते शहाणपणाचं वाटत नव्हतं. जेम्स फ्लिन यांनी १९८४मध्ये दाखवलं की विसाव्या शतकात अमेरिकेत आयक्यू दर दहा वर्षांनी सुमारे तीन गुणांनी वाढत गेला, नंतर बऱ्याच देशांत तेच दिसलं (अलीकडे नॉर्वेसारख्या काही ठिकाणी उलटं होतंय ते सोडा). माणसांचे मेंदू तर दोन पिढ्यांत बदलत नाहीत. वाढ सगळ्यात जास्त कशात, तर 'या दोन गोष्टींत साम्य काय' आणि आकृत्यांची कोडी यांत, अंकगणित आणि सामान्य माहितीत फारच कमी. फ्लिन यांचं म्हणणं, कुत्रा आणि ससा यांत साम्य काय असं विचारलं तर शंभर वर्षांपूर्वीचा माणूस म्हणाला असता की कुत्र्याकडून सशाची शिकार करतात, आजचं मूल म्हणतं दोघे सस्तन प्राणी. शाळेनं आपल्याला एका विशिष्ट तऱ्हेनं विचार करायची सवय लावली आणि टेस्टला तीच सवय आवडते.

यातच जाऊबाईंच्या १२४चं उत्तर आहे. तो आकडा कुठल्या टेस्टचा, कुठल्या आवृत्तीचा, किती वर्षांपूर्वीचा, कुठल्या वयात घेतलेला? जुन्या आवृत्तीवर मोजलं तर याच वाढीमुळे आकडा फुगतो. हे माहीत नसताना १२४ आणि १०६ शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि माहीत असलं तरी दोन मुलांचे आकडे जेवणाच्या टेबलावर काढू नयेत, एवढं जाऊबाईंना गोडीत सांगता आलं तर बघा.

आता पुढे काय होणार, या आकड्यानं भविष्य ठरतं का. आयक्यू आणि शाळेतले मार्क यांचा मेळ साधारण ०.५ असतो (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे तंतोतंत), म्हणजे मार्कांतल्या फरकाचा अंदाजे चौथा हिस्सा आयक्यूवरून कळतो, बाकी तीन हिस्से इतर गोष्टींत. चौथा हिस्सा थोडा नाही, उगाच 'आयक्यू थोतांड आहे' म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही, पण तीन हिस्से जास्तच ना. टर्मन यांनी १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातली अतिहुशार मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला, त्यात विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोन मुलांचे गुण कमी पडले म्हणून घेतलं नाही. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि निवडलेल्यांत एकालाही नाही. दुसरीकडे, आकडा वाऱ्यावर उडणाराही नाही. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळ्या अकरा वर्षांच्या मुलांची, ८७ हजारांहून जास्त, एकाच दिवशी टेस्ट घेतली होती. त्यांतल्या शंभरेक जणांना सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा तीच टेस्ट दिली तर दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ ०.६३ निघाला. बराच टिकतो, पण बऱ्याच जणांच्या रांगेतल्या जागा बदलल्यासुद्धा. आणि नेटानं काही वाढतं का म्हणाल तर सगळ्यात भक्कम पुरावा शाळेचा आहे, २०१८मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून काढलंय की शिक्षणाच्या प्रत्येक जास्तीच्या वर्षामागे आयक्यू १ ते ५ गुणांनी वाढतो.

ब्रेन ट्रेनिंग ॲपचं विचारलंत. त्या ॲपमधले गेम खेळून मूल त्या गेममध्ये तरबेज होतं, बास. अभ्यासात, विचारात फरक पडतो हे नीट तपासायला गेलं की सापडत नाही, आणि २०१६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असल्याच एका गाजलेल्या कंपनीकडून फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर वसूल केले होते. बोटांच्या ठशांना शास्त्रीय आधार शून्य आहे, त्यावर एक ओळसुद्धा जास्त लिहीत नाही. ते लोक हॉवर्ड गार्डनर यांच्या अनेक बुद्धिमत्तांचं नाव घेतात, १९८३ची ती मांडणी शिक्षकांना खूप आवडते आणि मुलांकडे मोकळ्या नजरेनं बघायला तिचा उपयोगही झाला, पण त्या स्वतंत्र बुद्धिमत्ता आहेत हे मोजमापांतून सिद्ध झालेलं नाही, आणि ठशांशी तर तिचा काडीचाही संबंध नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. आधी डोळे तपासून घ्या, जवळचं आणि लांबचं दोन्ही, हे इतकं साधं असतं की सगळे विसरतात. मग लेखनाची अडचण, लक्ष न टिकणं आणि चिंता या तिन्ही गोष्टी नीट तपासायला सांगा, प्रोसेसिंग स्पीड कमी म्हणजे यांतलं काहीतरी आहेच असं नव्हे, पण नाहीच असंही गृहीत धरू नका. शाळेकडे रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा १०६वर बोट ठेवून बोलू नका, १२१ आणि ७५ यांच्यातली दरी दाखवा आणि ठोस मागा: पेपरला वाढीव वेळ, बोर्डावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, गृहपाठात पंधरा गणितांऐवजी सात, आणि जमलं तर काही उत्तरं तोंडी. शिक्षक म्हणतील "मग बाकीच्या मुलांवर अन्याय", त्यांना विचारा की तुम्हाला त्याचं विज्ञान तपासायचंय की लिहिण्याचा वेग. घरी घड्याळ लावून लिहायला बसवणं तूर्तास बंद करा, कारण तो चुकायच्या भीतीनं सावकाश होत असेल तर घड्याळानं आणखी सावकाश होईल. पुन्हा टेस्ट करायची घाई नको, वर्षभराच्या आत तीच टेस्ट दिली तर सरावानं गुण वाढतात आणि तुम्हाला वाटेल सुधारणा झाली.

आणि तो प्रश्न, "मी ढ आहे का". आकडे सांगू नका त्याला, दहा वर्षांचं पोर १०६चं काय करणार, वर्गात जाऊन सांगेल आणि कुणीतरी ११० सांगेल. पण "छे, तू तर खूप हुशार आहेस" म्हणून उडवूनही लावू नका, पेपर अर्धा राहतो हे त्याला रोज दिसतंय, त्याला वाटेल आई खोटं बोलतेय. सरळ सांगा: "नाही रे. तुला गोष्टी चटकन समजतात, शब्द तुझे भारी आहेत, कागदावर उतरवायला मात्र तुला जास्त वेळ लागतो. का लागतो ते आपण शोधतोय, आणि शाळेला सांगणार आहोत." तो लगेच विचारेल की मग ती टेस्ट कशाला घेतली. त्यालाही खरं तेच सांगा, की तुला कुठे मदत लागेल ते बघायला.

मिस्टरांनी फोनवर आणखी कुठली टेस्ट डाउनलोड केली असेल तर ती काढून टाका. शाळेत वाढीव वेळ मिळाल्यावर पहिला पेपर पूर्ण होतो का ते मला कळवा, आणि स्पीडच्या त्या दोन छोट्या टेस्टचे वेगवेगळे गुण मिळाले तर तेही पाठवा, त्यावरून पुढचं बोलता येईल.